अलॉय व्हीलची ताकद आणि 'जुळे' स्फटिक: ॲल्युमिनियमच्या आत नेमकं काय घडतं?

गाडीचं अलॉय व्हील खड्ड्यात आदळतं, तरी सहसा तुटत नाही. का? 'धातू मजबूत आहे' हे अर्धंच उत्तर झालं. वितळलेला धातू साच्यात गोठताना त्यातले अणू कसे बसले, यावरही बरंच काही ठरतं.

अणूंची मांडणी कशी असते?

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला गोठतं. एक घन डोळ्यांपुढे आणा. त्याच्या आठही कोपऱ्यांवर आणि सहाही बाजूंच्या मधोमध एकेक अणू. या घनाची बाजू अवघी ०.४०५ नॅनोमीटर! फळवाला संत्र्यांची रास रचतो, तसेच हे अणूंचे थर एकमेकांवर दाटीने बसतात. प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात. हे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून ॲल्युमिनियम वाकतं, पण पटकन तुटत नाही.

जुळे स्फटिक म्हणजे काय?

थरांचा नेहमीचा क्रम क-ख-ग, क-ख-ग असा असतो. मध्येच तो उलटला आणि क-ख-ग-ख-क असा झाला, की 'ग' थराच्या दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसतात. हेच जुळे स्फटिक. तांब्या-पितळेत ते सहज आढळतात. ॲल्युमिनियममध्ये मात्र हा क्रम मोडायला जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे ते कमी दिसतात.

तरीही मोठे ठोकळे ओतताना कधीकधी पिसांसारखे लांबट जुळे स्फटिक तयार होतात. अशा ठोकळ्याचे गुणधर्म सगळीकडे सारखे राहत नाहीत. ते टाळण्यासाठी रसात टायटॅनियम-बोरॉनयुक्त मिश्रधातू टाकतात. त्यामुळे स्फटिक बारीक होतात.

मग जुळे स्फटिक वाईटच का?

नाही! इथेच खरी गंमत आहे. रस साच्यात नीट पसरावा म्हणून ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळतात. चाकांच्या एका प्रचलित मिश्रधातूत ते सुमारे ७ टक्के असतं. पण सिलिकॉन ठिसूळ. ते पातळ पत्र्यांसारखं गोठलं, तर तडा त्याच वाटेने पुढे सरकतो.

यावरचा उपाय अलादार पाट्स यांनी शोधला. १९२१ साली त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. रसावर सोडियमच्या क्षारांची प्रक्रिया केली, की सिलिकॉन बारीक होतं. आज या कामासाठी स्ट्रॉन्शियमही वापरतात, तेही शंभरात ०.०२ भागाच्या आसपास.

याचं एक प्रचलित स्पष्टीकरण असं: हे परके अणू वाढत्या सिलिकॉनला चिकटतात आणि थरांचा क्रम वारंवार चुकतो. त्यातून असंख्य जुळे स्फटिक बनतात, सिलिकॉनला चहूकडे फाटे फुटतात आणि पत्र्यांऐवजी प्रवाळासारखे बारीक तंतू तयार होतात. मग तड्याला सरळ वाट मिळत नाही.

मात्र सोडियम रसातून लवकर उडून जातं. ओतायला उशीर झाला, तर परिणाम ओसरतो आणि सिलिकॉन पुन्हा पत्र्यांसारखं गोठतं. वरून चाक तसंच चकचकीत दिसतं. फरक कळतो तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर, नाहीतर थेट खड्ड्यात!