पाणी उपकरातील सूट

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) उपकर अधिनियम, 1977 च्या कलम 7 नुसार सांडपाणी प्रक्रिया संयंत्र बसवणाऱ्या उद्योगाला किंवा स्थानिक संस्थेला उपकरात मिळणारी सवलत. मूळ कायद्यात ती 70 टक्के होती; 1991 च्या दुरुस्तीने 25 टक्के झाली. महाराष्ट्रात उपकराची आकारणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होती.

पात्रता : दुरुस्तीनंतर नुसते संयंत्र उभारून भागत नसे. पाण्याचा वापर विहित कमाल मर्यादेत हवा. जल अधिनियम, 1974 च्या कलम 25 चे पालन, म्हणजे मुख्यतः मंडळाची संमती, हवी. आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालील मानके पाळलेली हवीत. उपकराच्या 1978 च्या नियमांतील नियम 6 प्रमाणे संयंत्र यशस्वीपणे कार्यान्वित झाल्यावर 15 दिवसांनी हक्क सुरू होई व ते नीट चालेपर्यंतच टिके. सामुदायिक प्रक्रिया केंद्राच्या सभासदाने स्वतः संयंत्र ‘बसवले’ असे मानावे का, याचे थेट उत्तर कलमात नाही.

दर : 2003 च्या दुरुस्तीनंतर सहज विघटन न होणाऱ्या किंवा विषारी प्रदूषकांच्या वर्गासाठी कमाल दर किलोलिटरला 15 पैसे, अटींचा भंग झाल्यास 30 पैसे होता. या कमाल दराने महिन्याला 1,500 किलोलिटर पाण्यावर 225 रुपये उपकर होई. सूट मिळाल्यास 168.75 रुपये, अटी मोडल्यास 450 रुपये.

पिंपरी-चिंचवड व चाकण : भोसरी, तळवडे, चाकण येथील वाहन व सुटे भाग उद्योगांना जोडून प्लेटिंगची छोटी युनिटे आहेत. त्यांच्या क्रोमियमयुक्त पाण्यावर आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइटची, मग चुन्याची प्रक्रिया करतात. खाली बसलेला गाळ घातक कचरा ठरतो. यातली एक पायरी चुकली तरी विषारी धातू नाल्यावाटे पवना किंवा इंद्रायणीत जातो. म्हणून सूट संयंत्राच्या उभारणीपुरती न ठेवता मानकांच्या पालनाशी जोडणारी 1991 ची अट योग्य होती. रक्कम मात्र इतकी अल्प होती की रसायनांच्या खर्चापुढे तिचे प्रोत्साहन नाममात्रच.

अपील : उपकर अधिनियमाचे कलम 13.

समाप्ती : करविषयक कायदे (दुरुस्ती) अधिनियम, 2017 ने 1 जुलै 2017 पासून उपकर कायदा रद्द झाला आणि ही सूटही संपली. जल अधिनियमाच्या कलम 25 ची संमती व सांडपाण्याची मानके मात्र, सूट दिलेले उद्योग वगळता, सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांवर आजही बंधनकारक आहेत.