गुणांतराचा सौदा : १९५१ चे बास्केटबॉल प्रकरण आणि शिक्षेचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९५१ साली जे लाचलुचपतीचे प्रकरण उघडकीस आले, त्यात गुन्हा कोणता घडला हे काही महिन्यांतच स्पष्ट झाले. त्या गुन्ह्याची शिक्षा कोणी द्यावी, कोणाला द्यावी आणि ती केव्हा संपली असे मानावे, ह्या प्रश्नाचा उलगडा मात्र आजतागायत झालेला नाही. त्या वर्षी जे दंड झाले त्यांचा क्रम पाहिला तर न्यायालयापेक्षा न्यायालयाबाहेरच्या संस्थांनीच अधिक कठोर आणि अधिक काळ टिकणारी शिक्षा केली असे दिसते.

प्रकरण समजण्यासाठी त्या काळच्या सट्ट्याची रीत आधी पाहिली पाहिजे. कोणता संघ जिंकेल एवढ्यावरच पैज लावायची असेल, तर बलाढ्य संघाच्या सामन्यात सट्टेवाल्यास गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून १९४० नंतरच्या दशकात गुणांतरावर पैज लावण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. बलवान संघ, समजा, दहा गुणांनी जिंकेल असा अंदाज बुकी जाहीर करीत. त्याहून अधिक अंतराने तो जिंकला तर एक बाजू पैसे मिळवी, कमी अंतराने जिंकला किंवा हरला तर दुसरी. ह्या पद्धतीत भ्रष्टाचाराला एक नवीन आणि फार सोयीची वाट मिळाली. खेळाडूने सामना हरण्याची गरज उरली नाही. हात जरा आखडता घेऊन दहाऐवजी सहा गुणांनी जिंकले की काम भागले. महाविद्यालयाची प्रतिष्ठा शाबूत राहते आणि खेळाडूच्या मनालाही फारशी टोचणी लागत नाही. दलालांचा सगळा युक्तिवाद ह्याच मुद्द्यावर उभा होता. तो खोटा होता हे सिटी कॉलेज ऑफ न्यू यॉर्कच्या उदाहरणावरून दिसते : १९५०-५१ च्या हंगामात मिझुरी, ॲरिझोना आणि बॉस्टन कॉलेज ह्यांच्याविरुद्धच्या ज्या तीन सामन्यांत त्या संघाच्या खेळाडूंनी पैसे घेतले, ते तीनही सामने संघ हरला. खेळाची लय एकदा मोडली की ती हवी तेव्हा परत आणता येत नाही.

ह्याच सिटी कॉलेजने १९५० साली देशातील दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या. शिक्षणशुल्क न घेणारे ते महाविद्यालय. खेळाडू बहुतेक न्यू यॉर्कमधील गरीब ज्यू व कृष्णवर्णीय कुटुंबांतले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९३४ पासून नेड आयरिश ह्यांनी एका रात्रीत दोन दोन महाविद्यालयीन सामने भरविण्याची प्रथा पाडली होती, आणि अठरा हजारांच्या आसपास प्रेक्षक तिकिटे काढून येत. ज्यांच्या खेळावर हा सर्व बाजार भरे ते तेवढे हौशी, म्हणजे बिनपगारी होते.

इशारा आधीच मिळालेला होता. १९४५ साली ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी एक सामना हरण्यासाठी पैसे घेतल्याचे उघडकीस आले आणि न्यू यॉर्क राज्याने हौशी खेळाडूंना लाच देणे व त्यांनी ती घेणे हा गुन्हा ठरविला. कायदा झाला, पण सौदे थांबले नाहीत. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग ह्या खेळाडूने हजार डॉलरांची लाच नाकारून आपल्या प्रशिक्षकाला ती गोष्ट सांगितली, आणि जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन ह्यांच्या हाती प्रथमच भक्कम धागा लागला. १८ फेब्रुवारीस सिटी कॉलेजचा संघ फिलाडेल्फियाहून विजयी होऊन परतला. त्याच वेळी एड वॉर्नर, एड रोमन आणि ॲल रॉथ ह्या तिघांना पोलिसांनी ताब्यात घेतले. पाठोपाठ लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट सापडला. तो त्या हंगामात देशात सर्वाधिक गुण करणाऱ्यांत अग्रगण्य होता. तपास पुरा होईपर्यंत सात महाविद्यालयांतील तीसहून अधिक खेळाडू आणि १९४७ ते १९५० ह्या काळातील ८६ सामने ह्या प्रकरणात गोवले गेले होते.

नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायमूर्ती सॉल स्ट्राइट ह्यांनी शिक्षा सुनावल्या. सौद्यांचा सूत्रधार, जवाहिऱ्याचा धंदा करणारा साल्व्हातोरे सोलाझो, ह्याला आठ ते सोळा वर्षे. खेळाडूंपैकी व्हाइटला एक वर्ष, वॉर्नरला सहा महिने. इतर बहुतेकांच्या शिक्षा स्थगित झाल्या, काहींनी सैन्यात जाण्याचे पत्करले. व्हाइट आणि वॉर्नर हे दोघेही कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच वर्णाच्या काही सोबत्यांच्या शिक्षा स्थगित झाल्या, त्यामुळे एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल; परंतु प्रत्यक्ष तुरुंगवास ज्यांच्या वाट्यास आला त्यांची नावे दृष्टीआड करणेही इतिहासकारास शोभणार नाही.

स्ट्राइट ह्यांच्या निकालपत्राचा उत्तरार्ध मात्र खेळाडूंविषयी नव्हे, महाविद्यालयांविषयी आहे. प्रवेशासाठी पात्रतेचे नियम वाकविणे, नावापुरता अभ्यासक्रम, खेळाच्या नावाखाली चालणारा धंदा ह्यांवर त्यांनी कठोर ताशेरे ओढले. केंटकी विद्यापीठाबाबत तर १९५२ च्या निकालात त्यांनी प्रशिक्षक ॲडॉल्फ रप ह्यांनाच धारेवर धरले. आपल्या मुलांपर्यंत जुगाऱ्यांचा हात पोहोचणारच नाही अशा अर्थाचे उद्गार रप ह्यांनी १९५१ साली काढले होते. त्यानंतर लवकरच ॲलेक्स ग्रोझा, राल्फ बिअर्ड आणि डेल बार्नस्टेबल ह्या त्यांच्याच माजी खेळाडूंना अटक झाली. मार्च १९४९ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात हात आखडता घेण्यासाठी त्यांनी पैसे स्वीकारले होते, आणि तो सामनाही केंटकी हरले होते.

ग्रोझा आणि बिअर्ड ह्यांनी १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले होते; अटकेच्या वेळी ते इंडियानापोलिसच्या व्यावसायिक संघाचे खेळाडू आणि भागीदारही होते. न्यायालयाने त्यांची शिक्षा स्थगित ठेवली आणि तीन वर्षे खेळापासून दूर राहण्याची अट घातली. म्हणजे न्यायाधीशाच्या मते तीन वर्षांनी त्या अपराधाची भरपाई होत होती. पण एन.बी.ए. ह्या व्यावसायिक संघटनेचे अध्यक्ष मॉरिस पोडोलोफ ह्यांनी दोघांवर जन्मभराची बंदी घातली. अपराध विद्यार्थिदशेतला, दंड व्यवसायातला. आणि त्या दंडाविरुद्ध अपिलाची काही सोय नव्हती. ब्रॅडली विद्यापीठाचा जीन मेलकिओर १९५१ च्या निवडीत अगदी पहिल्या क्रमांकाने घेतला गेला होता. तो एन.बी.ए.चा एकही सामना खेळू शकला नाही. व्हाइट तुरुंगातून सुटल्यावर कित्येक वर्षे दुय्यम दर्जाच्या ईस्टर्न लीगमध्ये खेळत राहिला.

संस्थांच्या वाट्याला काय आले? केंटकीला १९५२-५३ चा संपूर्ण हंगाम गमवावा लागला. पुढच्याच वर्षी तो संघ पंचवीस सामने खेळून अपराजित राहिला, आणि रप १९७२ पर्यंत आपल्या पदावर होते. सिटी कॉलेजचे प्रशिक्षक नॅट होल्मन ह्यांना निलंबित करून १९५४ साली परत घेण्यात आले. एका बाबतीत त्या महाविद्यालयाला श्रेय दिले पाहिजे : प्रकरणातील दोषी खेळाडू फ्लॉइड लेन ह्याला १९७४ साली त्याने स्वतःच्याच संघाचा प्रशिक्षक नेमले. शिक्षेला शेवट असतो हे मान्य करणारी उदाहरणे ह्या इतिहासात विरळा आहेत.

जन्मभराच्या बंदीने इतरांना धाक बसला, असा युक्तिवाद केला जातो. १९६१ सालचे प्रकरण तो टिकू देत नाही. त्या वेळी वीसहून अधिक महाविद्यालयांचे खेळाडू सापडले, आणि सूत्रधार होता जॅक मोलिनास : १९५४ साली एन.बी.ए.ने जन्मभरासाठी बहिष्कृत केलेला खेळाडूच. ह्याच प्रकरणात आयोवा विद्यापीठातील कॉनी हॉकिन्स ह्या नवख्या विद्यार्थ्याचे नाव आले. त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणजे आयोवाच्या सामन्याचे गुणांतर बदलणे त्याच्या हातीच नव्हते. त्याच्यावर कधी आरोपही ठेवला गेला नाही. तरी विद्यापीठ सुटले आणि एन.बी.ए.चे दार बंद झाले. त्याने दावा लावला, आणि १९६९ साली तडजोड होऊन त्याला प्रवेश मिळाला. तोवर त्याची आठ वर्षे गेली होती.

१९६४ च्या केंद्रीय कायद्याने सामन्यासाठी लाच देण्याघेण्यास पाच वर्षांपर्यंत कैद ठरविली. बॉस्टन कॉलेजच्या १९७८-७९ च्या प्रकरणात रिक कून ह्या खेळाडूला १९८२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली व ती पुढे कमी करण्यात आली. दंड चढत गेले. परंतु पैज लावणे, पैशासाठी खेळ बिघडविणे आणि केवळ वाईट संगतीत असणे ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, ही साधी गोष्ट नियमांत उतरण्यास फार उशीर लागला. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा सट्टाबंदीविषयक केंद्रीय कायदा रद्द केल्यावर अनेक राज्यांत पैज कायदेशीर झाली, आणि मग एन.सी.ए.ए. ह्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०२३ साली श्रेणी ठरविल्या. स्वतःच्या सामन्यावर पैज लावणाऱ्यास किंवा त्याचा निकाल फिरविणाऱ्यास महाविद्यालयीन खेळ कायमचा बंद. इतरत्र लावलेल्या पैजेत दोनशे डॉलरांपर्यंत केवळ नियमांचे प्रशिक्षण, आठशेहून अधिक असल्यास हंगामाच्या सुमारे तीस टक्के सामन्यांना मुकणे. व्यावसायिक खेळांवरील पैजेस मुभा देण्याचा ठराव २०२५ च्या ऑक्टोबरात संमत झाला आणि सदस्य महाविद्यालयांच्या विरोधामुळे नोव्हेंबरात मागे घेतला गेला.

विद्यार्थ्यांसाठी डॉलरागणिक आखलेली ही श्रेणी तयार होत असताना काही विद्यापीठांनी सट्टा-कंपन्यांशी जाहिरातीचे करार केले होते : कोलोरॅडोने २०२० साली, लुइझियाना स्टेटने २०२१ साली. दोन्ही करार २०२३ मध्ये टीकेनंतर संपुष्टात आले. त्यांबद्दल कोणाही पदाधिकाऱ्यास एखाद्या हंगामास मुकावे लागेल, असे कलम त्या श्रेणीत नव्हते.