नोकरीवर माणूस आहे, तरी जाहिरात का?

परवा गल्लीतल्या एका काकूंनी मला गाठलं. त्यांचा मुलगा सोलापुरातच इंजिनिअर झाला, चार वर्षं अमेरिकेत आहे. म्हणाल्या, "तुम्ही पेपरवाले ना? मग सांगा, पोरगा कामावर आहे, कंपनी खूश आहे, तरी त्याच जागेची जाहिरात देणार म्हणे. काढणारेत का त्याला?"

काढणार नाहीत काकू. ठेवायचंय, म्हणूनच जाहिरात आहे. पण हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1885 मध्ये अमेरिकेने कायदा केला. परदेशी मजुरांशी आधीच करार करून, त्यांचं भाडं भरून त्यांना आणायला मालकांना बंदी. स्वस्त मजूर आणून मालक मजुरी पाडतात, संप मोडतात, ही तिथल्या कामगार संघटनांची तक्रार होती. 1952 मध्ये नियम बदलला. आपल्याकडे माणसं पुरेशी आहेत असं कामगारमंत्र्याने ठरवलं, तर बाहेरच्याला अडवायचं. 1965 च्या कायद्याने देशवार जुना कोटा मोडला, आपल्या लोकांना दार उघडलं. पण त्याच कायद्याने ओझं मालकाकडे दिलं. स्थानिक माणूस मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला आधी आणा, मग परदेशी माणसाच्या ग्रीन कार्डाचं बघू.

आजची पद्धत 28 मार्च 2005 पासूनची. तिला 'पर्म' म्हणतात. इंजिनिअरसारख्या जागेसाठी मालकाने दोन रविवारी पेपरात जाहिरात द्यायची, सरकारी रोजगार यंत्रणेकडे जागा 30 दिवस नोंदवायची, कामाच्या ठिकाणी 10 दिवस नोटीस लावायची, शिवाय आणखी तीन मार्गांनी शोध घ्यायचा. कागद पाच वर्षं जपायचे.

आता गोम बघा. माणूस आधीच खुर्चीत बसलाय आणि शोध घेणारा मालक तोच. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारने फेसबुकवर खटला भरला. 2,600 हून जास्त जागा कंपनीने आपल्या वेबसाइटवर टाकल्याच नाहीत, अर्ज टपालाने मागवले, असा आरोप. 2021 मध्ये 1 कोटी 42 लाख डॉलरवर तडजोड झाली. 2023 मध्ये अशाच प्रकरणात ॲपलने अडीच कोटी डॉलरची तडजोड केली. जी कंपनी अख्ख्या जगाला मोबाइलवर आणते, ती अर्ज मात्र पाकिटातून मागते!

आणि पात्र स्थानिक उमेदवार आलाच तर? त्याला घेण्याची सक्ती नाही. फक्त आपल्या पोराचा अर्ज पुढे जात नाही. म्हणजे त्याला नोकरी नाही, याला दाखला नाही. हा अर्ज दाखल होतो ती तारीख म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतला नंबर. एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांच्या पुढे गेलीय. काकूंची काळजी खोटी नाही.

हसू नका, आपल्याकडेही हेच आहे. 1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त कामगारांच्या खासगी कारखान्यांनाही रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणं बंधनकारक केलं. त्याच कायद्यात लिहिलं, की केंद्राने पाठवलेला माणूस घ्यायची सक्ती नाही. एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढून कॉल येईल म्हणून वाट बघणारी पिढी सोलापूरने पाहिलीय.

हे गाव तर बाहेरून आलेल्या हातांनी वाढलं. 1877 ची जुनी गिरणी, तेलंगणातून आलेले विणकर. त्यांच्याकडे असला दाखला कोणी मागितला नव्हता. म्हणून स्थानिकांचा हक्क खोटा ठरत नाही. पण जाहिरात छापली एवढ्यावर तो जपला गेला, असं मानू नये. कायदा जेव्हा फक्त नोटीस मागतो, तेव्हा मालक फक्त नोटीस देतो.

काकूंना एवढंच म्हणालो, जाहिरात येऊ दे. कोणी अर्ज करू नये अशी देवाला प्रार्थना मात्र करू नका. तिकडेही कुणाचं तरी पोरगं नोकरी शोधतंय.