दाब, प्रवाह आणि शक्ती

म्हैसूर शहराच्या एका कडेला हेब्बाळ नावाची औद्योगिक वसाहत आहे. नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या तेथे आहे. गेल्या दसऱ्याला माझा भाचा आपली मोटार घेऊन आला. गाडीत गाणी ऐकण्यासाठी त्याने नुकताच एक मोठा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. रात्री आम्ही फिरावयास निघालो, तेव्हा असे दिसले, की गाण्यातील ढोलाचा ठोका पडला की गाडीचे पुढचे दिवे मंद होत. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास येऊ लागला. गाडी थांबवून पाहिले, तो बॅटरीपासून मागे नेलेली तार हात लावू देईना, इतकी तापली होती. बसवणाऱ्याने घरातील पंख्याला शोभेल अशी बारीक तार वापरली होती. आग लागली नाही, हे आमचे दैव.

"मामा, पेटीवर तर हजार वॅट लिहिले आहे. मग तार का तापावी?" भाच्याने विचारले.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पेशाने सरकारी नोकर. वीज हा माझा विषय नव्हे. परंतु या प्रश्नाचे उत्तर हेब्बाळहून पाऊणशे किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, १९०२ सालीच देऊन झालेले आहे.

शिवनसमुद्र येथे कावेरी कड्यावरून खाली झेपावते. त्या पाण्यावर वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवावी, ही योजना दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आकारास आली. कामाची धुरा जोली द लोत्बिनिएर या लष्करी इंजिनियरकडे होती. शेषाद्री अय्यर १९०१ मध्ये निवर्तले. काम पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढच्या वर्षी, जूनअखेरीस, ९२ मैलांवरच्या खाणींत वीज पोहोचली. ही त्या काळची जगातील सर्वांत लांब वाहिनी होती, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. कॅलिफोर्नियात १९०१ सालीच सुमारे १४० मैलांची वाहिनी सुरू झाली होती. पण असल्या विशेषणांची शिवनसमुद्राला गरजही नाही.

खरी अडचण होती ती अंतराची. नळातील पाण्याला जसा दाब असतो आणि प्रवाह असतो, तसेच विजेचे आहे. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये. आणि या दोहोंचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे वॅट, मिळतात. एवढीच शक्ती न्यायची असेल तर दाब कमी ठेवून प्रवाह जास्त नेता येतो, किंवा दाब वाढवून प्रवाह कमी नेता येतो. गुणाकार तोच. मात्र तार तापते ती प्रवाहाने, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवनसमुद्रच्या जनित्रांतून वीज निघे ती २,२०० व्होल्टने. त्याच दाबाने ती कोलारला धाडली असती, तर बहुतेक सारी वाटेवरच्या तारा तापविण्यात खर्ची पडली असती. म्हणून रोहित्राने, ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो त्याने, दाब चढवून तीस-पस्तीस हजार व्होल्टवर नेला. दाब पंधरा पट झाला की त्याच तारांतील उष्णता सव्वादोनशेव्या हिश्शावर येते. पुढे १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा घाटाखालून ती सुमारे एक लाख व्होल्टने गेली. युक्ती तीच. शिवनसमुद्रच्या विजेने १९०५ मध्ये बंगळूर आणि १९०८ मध्ये म्हैसूर उजळले. ज्या खाणींसाठी हा सारा खटाटोप झाला, त्या मात्र २००१ मध्ये बंद पडल्या.

आता मोटारीकडे वळू. घरात २३० व्होल्ट असतात; ५०० वॅटच्या उपकरणाला तेथे दोन अँपिअरांच्या जरा वर प्रवाह पुरतो. मोटारीत बॅटरी १२ व्होल्टांची. त्याच ५०० वॅटसाठी तेथे चाळीस अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो. तारेचा रोध एका ओहमचा विसावा हिस्सा जरी असला, तरी चाळीस अँपिअरांना वाटेत दोन व्होल्ट गळतात आणि ८० वॅट उष्णता तारेत उतरते. घरच्या २३० व्होल्टांत दोनाची गळती कोणाच्या ध्यानातही येणार नाही. बारांत दोन म्हणजे सहावा हिस्सा. दिवे मंद होणार नाहीत तर काय?

आणि हेही पाहावे, की १२ व्होल्टांवर मोठा आवाज निघणेच मुळात कठीण. चार ओहमच्या स्पीकरला बारा व्होल्ट पुरेपूर वापरूनही विनाविकृती फार तर १८ वॅट देता येतात. दोनशे वॅट हवे असतील तर ४० व्होल्टांची झेप हवी. म्हणून या पेट्यांच्या आत एक छोटेसे शिवनसमुद्र बसविलेले असते: बॅटरीच्या सरळ प्रवाहाची वेगाने उघडझाप करावयाची, तो रोहित्रातून न्यावयाचा आणि दाब चढवून घ्यावयाचा. हीही युक्ती जुनीच. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली 'मोटोरोला' या नावाने मोटारीतला रेडिओ विकावयास काढला. त्या काळच्या निर्वात नळ्यांना दीड-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीतील बॅटरी सहा व्होल्टांची असे. प्रारंभी वेगळ्या बॅटऱ्या गाडीत ठेवाव्या लागत. नंतर कंप पावणाऱ्या पट्टीने हीच उघडझाप करून दाब चढविला जाऊ लागला. रेडिओच्या त्या गुणगुणण्याची आठवण जुन्या मंडळींना असेल.

राहिला प्रश्न पेटीवरच्या हजार वॅटांचा. भाच्याला मी पेटीचे फ्यूज काढावयास सांगितले. त्यावर ३० अँपिअर लिहिले होते. १२ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट; आणि त्यांतलाही काही भाग पेटी तापण्यात जाणार. हजाराचा आकडा क्षणभराच्या झेपेचा असेल, किंवा नुसता छापखान्याचा. पेटी काहीही म्हणो, फ्यूजला खोटे बोलता येत नाही.

आपण ज्या माध्यमातून हे ऐकत आहात, त्याचे नाव म्हैसूरचेच. १९३५ साली येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी प्रक्षेपण सुरू केले आणि त्यास 'आकाशवाणी' असे नाव दिले. प्रक्षेपणाची शक्ती आणि आवाजाची शक्ती या भिन्न गोष्टी आहेत हे खरे. तरीही भाच्याला मी सांगितल्यावाचून राहिलो नाही, की ते यंत्र अवघे ३० वॅटचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेब्बाळमधील एका मेकॅनिककडून अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार बसवून घेतली, आणि बॅटरीजवळ एक फ्यूज घातले. परतताना भाच्याने शिवनसमुद्रची वाट धरली.