मालवणी कोणत्या रकान्यात?

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. राज्य बदलतं, पण बोली काही नाक्यावर एकदम बदलत नाही. मग ही मराठी की कोकणी, हे ठरवलं कोणी? भाषा आणि समाजावर संशोधन करणार असाल तर सुरुवात इथूनच करा.

ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कुडाळी, म्हणजे आपली मालवणी, कोकणीखाली आहे. आणि कोकणी मराठीची बोली म्हणून. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं. १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. मालवणी मात्र २०११ च्या जनगणनेतही कोकणीखालीच मोजली गेली. गंमत म्हणजे गंगाराम गवाणकरांचं मालवणीतलं ‘वस्त्रहरण’ आपण मराठी नाटक म्हणूनच ओळखतो.

आता विचार करा. एका घराने मातृभाषा ‘मराठी’ सांगितली, शेजारच्याने ‘मालवणी’. बोलणं एकच, पण आकडे दोन वेगळ्या भाषांत जमा! मी विज्ञान शाखेतून आलोय. तिथे मापन घेण्याआधी उपकरण तपासतात. इथे जनगणनेचा रकाना हेच उपकरण आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत नुसतं ‘मातृभाषा’ विचारू नका. घरी कसं बोलता आणि त्या बोलण्याला काय नाव देता, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर ती चूक समजून खोडू नका. तुमचा विषय तिथेच सापडेल.