कोतवाल बुकातील मृत्युनोंदी

ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या मृत्यूचा दाखला शोधणारास बहुधा ‘कोतवाल बुक’, म्हणजे गाव नमुना 14, धुंडाळावे लागते. कोतवालाच्या वर्दीवरून मृताचे नाव, जात, तारीख आणि मृत्यूचे कारण या वहीत चढविले जाई. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे दगावली हे सरकारास कळावे, हा तिचा मुख्य हेतू. कुळाचा पुरावा राखणे हा नव्हे. म्हणूनच कित्येक नोंदींत आडनाव आढळत नाही, आणि पुष्कळ नोंदी मोडीत आहेत.

1886 चा कायदा ऐच्छिक नोंदणीपुरता होता. देशभर एकसारखी सक्ती 1969 च्या कायद्याने आली. साहजिकच त्यापूर्वीच्या मृत्यूसाठी तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात गाव व अंदाजे वर्ष सांगून नक्कल मागावी लागते. नावापेक्षा गाव व वर्ष हेच तेथे अधिक भरवशाचे धागे होत.

वारसा व जात यांच्या निर्णयांत या नोंदींना आज मोठे मोल आहे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची निकड प्रकर्षाने जाणवली. रोगगणनेसाठी लिहिलेली ओळ अशा रीतीने कुळाची साक्ष ठरली. परंतु ती लिपी जाणणारे आता थोडेच उरले आहेत.