टोकियोतील आळ्यांची नावे

टोकियोस पाहुणा म्हणून जाणाऱ्या माणसाची पहिली फजिती पत्त्यावरून होते. हातात कागद असतो, कागदावर पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात रस्त्याचे नावच नसते. मोठे हमरस्ते सोडले तर त्या नगरीत रस्त्यांना नावे देण्याची चाल नाही. नाव असते ते वस्तीला. ह्या वस्तीला तिकडे 'चो' किंवा 'माची' म्हणतात. आपण तिला आळी म्हणू. आळीचे आकड्यांनी भाग पाडलेले, भागाचे गट, आणि गटात घर. चौकातल्या पोलीसचौकीत भिंतीवर परिसराचा मोठा नकाशा असतो आणि तिथला शिपाई वाट चुकलेल्यास घर दाखवून देतो. तेव्हा टोकियो पाहायचे म्हणजे आळ्या पाहायच्या, आणि आळ्या समजून घ्यायच्या म्हणजे त्यांची नावे वाचायची. आजच्या ह्या फेरफटक्यात आम्ही तेवढेच करणार आहोत.

ह्या शहराचे जुने नाव एदो. ओता दोकान नावाच्या सरदाराने १४५७ साली तिथे किल्ला बांधला. पण त्या जागेचे भाग्य उघडले ते १५९० मध्ये तोकुगावा इएयासु तिथे राहावयास आला तेव्हा. १६०३ साली तो शोगुन, म्हणजे सत्तेचा खरा धनी झाला. सम्राट क्योतोस, कारभार एदोस, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडची सातारची गादी आणि पुण्याचा कारभार ज्यांच्या ध्यानात आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. इएयासुने आणि त्याच्या वारसांनी कांदा नावाची टेकडी खणून तिच्या मातीने हिबियाची खाडी बुजवली व शहरास जमीन मिळवून दिली. १६३५ पासून प्रत्येक मोठ्या सरदाराने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत काढावे, बायकामुले मात्र कायम एदोतच ठेवावीत, असा कायदा झाला. म्हणजे ओलीसच ते!

सरदारांचे हे वाडे मुख्यत्वे पश्चिमेच्या उंचवट्यावर झाले. त्या बाजूस यामानोते, म्हणजे डोंगराकडची बाजू, म्हणतात. पूर्वेस नदीकाठच्या सखल, भरावाच्या जमिनीवर व्यापारी आणि कारागीर बसवले. ती शितामाची, खालची वस्ती. शहराच्या जमिनीपैकी शेकडा सत्तर सामुराईंकडे होती. उरलेल्या तिसात निम्मी देवळांची आणि निम्मी साऱ्या रयतेची. १७२१ च्या मोजणीत ही रयत पाच लाखांवर भरली. पाच लाख माणसे शहराच्या सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्यात! लाकडी चाळी भिंतीला भिंत लावून उभ्या, आणि एका विहिरीवर कितीतरी बिऱ्हाडे. एदो वारंवार का जळत होते ते ह्यावरून कळावे.

ह्या रयतेच्या एदोचे नाक म्हणजे निहोनबाशीचा पूल. १६०३ साली तो प्रथम बांधला आणि देशातील पाच राजमार्गांची अंतरे तेथून मोजली जाऊ लागली. आजचा दगडी पूल १९११ चा आहे. पण पाहुणा मोठ्या हौशीने तेथे जातो आणि वर पाहतो तो डोक्यावर आभाळाऐवजी मोटाररस्त्याचे छप्पर! १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या घाईत, १९६३ साली, हा उन्नत मार्ग नदीवरून नेला. आता तो जमिनीखाली नेण्याचे काम चालू आहे. पुलाशेजारचा मासळीबाजार १९२३ च्या भूकंपात गेला, मग त्सुकिजीस भरला, आणि २०१८ मध्ये तेथूनही तोयोसूच्या भरावावर हलला.

पुलाच्या उत्तरेस कांदा. नावावरून कोणी स्वयंपाकघराकडे पाहू नये. त्या अक्षरांचा अर्थ 'देवाचे शेत' असा आहे. येथे काजिचो म्हणजे लोहारआळी, कोन्याचो म्हणजे निळाऱ्यांची आळी. जवळच बाकुरोचो, घोड्यांच्या सौदागरांची. लोहार गेले, निळारी गेले, घोडेही गेले, पाट्या आहेत. जिंबोचो ही पुस्तकांच्या दुकानांची आळी मात्र एका सामुराईच्या आडनावाने ओळखली जाते. १९१३ साली कांदा भाग जळाला, त्यानंतर तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने वाढली. वाचनाचे वेड असणाऱ्या माणसाने तेथे सायंकाळी जाऊ नये. दुकाने मिटतात आणि मन मिटत नाही.

ह्या कांदाकरांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४७ मध्ये कांदा आणि कोजिमाची हे दोन विभाग एक करून चियोदा हा नवा विभाग केला. कांदा हे नाव जाणार, म्हणून रहिवाशांनी आपापल्या आळीच्या नावामागे 'कांदा' हा शब्द जोडून घेतला. पुढे १९६२ मध्ये पत्ते सुटसुटीत करण्याचा कायदा आला आणि त्याने साऱ्या देशातील शेकडो जुनी नावे पुसली. त्या लाटेत सारुगाकुचो व मिसाकिचो ह्या दोन आळ्यांमागचा 'कांदा' गेला. लोक ते विसरले नाहीत. २०१८ च्या १ जानेवारीस दोन्ही आळ्यांना तो शब्द परत मिळाला. पाकिटावर दोन अक्षरे अधिक लिहावी लागतात, एवढाच काय तो व्यवहारातला फरक. पण त्यासाठी माणसे अर्धशतक थांबली.

यामानोतेत फार रेंगाळण्याचे कारण नाही. तेथे चढांना नावे आहेत आणि वाड्यांच्या जागी संस्था आहेत. होंगोस कागाच्या माएदा सरदाराचा वाडा होता, तेथे आज टोकियो विद्यापीठ आहे. १८२७ साली शोगुनाची कन्या त्या घरी सून म्हणून आली तेव्हा बांधलेला तांबडा दरवाजा अजून उभा आहे. पश्चिमेस शिंजुकूजवळ ह्याकुनिनचो, 'शंभर जणांची आळी', म्हणजे शोगुनाच्या शंभर बंदूकवाल्यांची. आज तो भाग कोरियन खाणावळींनी गजबजला आहे.

आता नदीपलीकडे जाऊ. १६५७ च्या आगीत एदोचा मोठा भाग जळाला, किल्ल्याचा उंच मनोरा गेला तो पुन्हा बांधलाच नाही, आणि मेलेल्यांची संख्या परंपरेने लाखाच्या घरात सांगतात. बेवारशी प्रेतांसाठी र्‍योगोकूस एकोइन हे देऊळ उभारले. पुढे त्याच देवळाच्या अंगणात सुमो कुस्त्यांचे फड रंगू लागले. मृतांसाठी बांधलेल्या देवळात आखाडा, हे आम्हांस तरी विसंगत वाटले नाही. जवळच होंजो. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे असताना भूकंप झाला. होंजोतील एका मोकळ्या मैदानात लोक सामानसुमान घेऊन आश्रयास आले, आणि आगीच्या वावटळीत त्या एका जागी सुमारे अडतीस हजार माणसे जळाली. त्याच दिवसांत कोरियन लोक विहिरींत विष टाकतात अशी कंडी पिकली आणि हजारो कोरियनांची हत्या झाली. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी हाच सखल भाग जाळला. एका रात्रीत सुमारे एक लाख मेले. दोन्ही वेळची रक्षा त्या मैदानाच्या जागी एकाच स्मारकात आहे. कोरियनांचा स्मृतिस्तंभ तेथे आला तो १९७३ मध्ये, पन्नास वर्षांनी.

आणखी पूर्वेस एदोगावा विभागात निशिकासाई हा भरावाचा नवा भाग आहे. तेथे गेल्या पंचवीस वर्षांत संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या भारतीयांची मोठी वस्ती झाली असून तीत मराठी घरेही आहेत. त्यांपैकी योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली त्या विभागाच्या नगरसभेवर निवडून आले.

नदी पुन्हा ओलांडली की असाकुसा. तेथील कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत संकटात सापडलेल्यांचा तारणहार म्हणून ज्याची मूर्ती कोरली आहे, तोच. मुख्य मंदिर १९४५ मध्ये जळाले, १९५८ मध्ये सिमेंट काँक्रीटचे पुन्हा उभे राहिले. बहुतेक पाहुणे येथून परततात. आमची विनंती अशी की अर्धा कोस उत्तरेस जावे.

कारण नको असलेली माणसे एदोने ह्या कोपऱ्यात ठेवली. योशिवारा ही वेश्यावस्ती आधी निहोनबाशीजवळ होती. १६५७ च्या सुमारास ती असाकुसाच्या मागे शेतांत हलवली आणि भोवती खंदक खणला. १९५८ मध्ये कायद्याने परवान्याचा तो धंदा बंद झाला. तेथील मुली मेल्या की मिनोवाच्या जोकानजी देवळाच्या आवारात आणून टाकीत. लोक त्यास 'फेकण्याचे देऊळ' म्हणत. अशा सुमारे पंचवीस हजार जणींची तेथे नोंद सांगतात.

त्याच्या पुढे कोझुकाप्पारा, फाशीचे मैदान. १७७१ साली सुगिता गेनपाकू हा वैद्य डच भाषेतील शरीरशास्त्राचे पुस्तक घेऊन तेथे गेला आणि देहदंड दिलेल्या एका स्त्रीच्या शवाशी त्यातील चित्रे ताडून पाहू लागला. चित्रे तंतोतंत खरी निघाली. १७७४ मध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी त्या ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि जपानी वैद्यकास नवे वळण लागले. पण शव उघडून अवयव दाखवणारा हात सुगिताचा नव्हता. प्रेतास स्पर्श करणे हे तेथील अस्पृश्य गणलेल्या चर्मकार जमातीचे काम. सुगिताने लिहून ठेवले आहे की तोरामात्सु नावाचा माणूस येणार होता, तो आजारी पडला म्हणून त्याचा नव्वद वर्षांचा आजोबा आला. ह्या म्हाताऱ्याने तरुणपणापासून कितीतरी शवे उघडली होती. नातवाचे नाव कळते. आजोबाचे नाव सुगिताने लिहिले नाही.

१८७१ च्या फर्मानाने ह्या जमातीचे हीन पद कायद्याने संपले. असाकुसाच्या उत्तरेस चामड्याचा व पादत्राणांचा धंदा आजही आहे. त्यांच्या वस्त्यांची नावे मात्र कोणी परत मागत नाही, आणि त्यास कारण आहे. १९७५ मध्ये असे उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. उमेदवाराचे गाव यादीत सापडले की नोकरी नाही. २००९ मध्ये एका परदेशी कंपनीने एदोचे जुने नकाशे जगापुढे खुले केले, त्यांत ही हीनतादर्शक नावे जशीच्या तशी होती. वंशजांच्या संघटनेने हरकत घेतली आणि नकाशावरील अक्षरे पुसण्यात आली. इतिहासाच्या अभ्यासकास जुन्या नकाशावर बोळा फिरवलेला पाहवत नाही, आम्हांसही नाही. तरी मुलीचे लग्न ज्याच्यामुळे मोडते त्या शब्दाविषयी बोलण्याचा पहिला अधिकार अभ्यासकाचा नाही, असे आमचे मत आहे.

सान्याची गोष्ट ह्या दोहोंच्या मधली. युद्धानंतर तेथे रोजंदारी मजुरांच्या स्वस्त धर्मशाळा झाल्या. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी रस्ते आणि इमारती बांधणारे कितीतरी हात तेथेच रात्री टेकत. दंगली झाल्या, नाव बदनाम झाले, आणि १९६६ मध्ये नव्या पत्त्यांच्या रचनेत सान्या हे नाव नकाशावरून गेले. शेजारच्या आळ्यांची नावे त्या जागेस मिळाली. मजूर म्हातारे झाले आहेत. त्यांच्या खोल्यांत आता पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे परदेशी तरुण उतरतात. लोक त्या भागास अजूनही सान्याच म्हणतात. तेथल्या चौकाचे नाव नामिदाबाशी, 'आसवांचा पूल'. कोझुकाप्पाराकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांचा आप्तांशी शेवटचा निरोप येथे होई, असे सांगतात. पूल नाही, त्याखालचा ओढाही बुजला. चौकातल्या पाटीवर नाव आहे.